आत्यांची किडनी किती पुरते

कोल्हारच्या बाजारात मला कुणी ना कुणी हटकतंच. भाजीची पिशवी हातात, तोंडाला मास्क, आणि समोरून एखादी बाई येते. तिची माझी धड ओळखही नसते, पण विचारते, "तुमीच ना त्या, किडनी बसवलेल्या? किती वर्षं चालती हो ती?" जशी काही मी दुकानातून मिक्सर आणलाय. आधी मला राग यायचा. मी फटकन म्हणायचे, "चालतीय तोवर चालतीय." आता राग येत नाही. विचारणारीच्या घरात कुणीतरी डायलिसिसवर असतं, हे तिच्या तोंडावरूनच कळतं.

मग मी तिला कडेला घेते आणि डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते सांगते. जिवंत माणसानं दिलेली असेल तर साधारण पंधरा वर्षं धरून चाला. कुणाची वीसच्या पुढं जाते, कुणाची पाच-सात वर्षांतच बंद पडते. मेलेल्या माणसाची असेल तर थोडी कमी. देणाऱ्याचं वय जास्त असेल तर आणखी थोडी कमी. आणि गोळ्या, त्या मात्र एकही दिवस चुकवायच्या नाहीत. हे शेवटचं मी जरा दटावूनच सांगते. का दटावते ते तिला सांगत नाही, रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही ते.

माझ्या पोटात जी किडनी आहे ती माझ्या सासूची. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. लग्न होऊन मी श्रीरामपूरहून कोल्हारला आले तेव्हा आत्यांचं आणि माझं पहिल्या आठवड्यातच वाजलं, आमटीत मीठ किती घालायचं यावरून. त्या तोंडाच्या फटकळ आणि मीही काही कमी नाही. मी घरी शिवणकाम करायचे, गावातल्या अर्ध्या बायकांचे झंपर माझ्याकडं. आत्या गोठा आणि डाळिंबाची बाग बघायच्या आणि येता-जाता माझ्या मशीनपाशी थांबून काहीतरी बोलून जायच्या. त्यांना गप्प बसून प्रेम करता येत नव्हतं. आधी चिमटा काढायचा, मग पुढ्यात गरम भाकरी टाकायची, असा सगळा कारभार.

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा माझ्या किडन्या गेल्या. का गेल्या ते शेवटपर्यंत कुणाला नीट सांगता आलं नाही. बाळंतपणात बीपी वाढलं होतं, तेवढंच एक कारण हाताशी. आठवड्यातून दोनदा एसटीनं श्रीरामपूरला डायलिसिसला जायचं, परत येताना खिडकीला डोकं टेकून पडायचं. घरी आलं की मशीनवर बसायची ताकद नसायची. तोंडाची चव गेली, अंग काळवंडलं. आत्या तेव्हा भांडायच्या बंद झाल्या होत्या, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

किडनी कोण देणार म्हणून तपासण्या झाल्या. माझ्या आईला शुगर. ह्यांचा रक्तगट जुळेना. भाऊ द्यायला तयार होता, पण त्याच्या घरात रडारड झाली, तेव्हा मीच नको म्हणाले. मग एक दिवस आत्या न सांगताच दवाखान्यात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि बाही वर करून म्हणाल्या, "माझं रगत बगा." त्यांचं जुळलं.

सासूनं सुनेला किडनी द्यायची म्हणजे आई-बाप, भाऊ-बहीण, नवरा यांच्यासारखं सोपं नसतं. सरकारी समितीपुढं जावं लागतं. कुणी बळजबरी केली नाही ना, पैसे दिले नाहीत ना, हे ते लोक विचारतात. नातं दाखवायला रेशनकार्ड न्यायचं, लग्नाचा फोटो न्यायचा. पुण्यात एका लांबलचक टेबलापलीकडं चार-पाच जण बसले होते. त्यातल्या एका मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्ही सुनेला का देताय?"

आत्या तेव्हा छप्पन वर्षांच्या. आजी म्हटलेलं त्यांना आवडलं नसावं. त्या म्हणाल्या, "माझ्या अंगाला बसंल असा झंपर हिच्याशिवाय दुसऱ्या कुनाला शिवता येत न्हाई."

सगळे हसले. मला मात्र रडू आलं, कारण त्यांच्या प्रत्येक झंपराला त्यांनी नावं ठेवलेली होती. बाही आखूड, गळा मोठा, पाठ सैल. अकरा वर्षांत एकदाही चांगला म्हणाल्या नव्हत्या.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, माझी हिला किती वर्षं पुरंल? डॉक्टरांनी मी वर सांगितलं तसं सगळं समजावलं. देणाऱ्याचं वय, बीपी, गोळ्या, जंतुसंसर्ग. आत्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी आपल्या डाळिंबाच्या बागंवानी. धरली तर बारा-पंधरा वर्षं, आन् तेल्या पडला तर दोन सालातच काढा." डॉक्टर पुण्याचे, त्यांना डाळिंबावरचा तेल्या रोग काही कळला नाही, पण त्यांनी मान हलवली. आत्यांनी मनाशी पंधरा पक्के धरले. पंधरा वर्षांनी नात एकवीस वर्षांची हुईल, असं त्या वॉर्डात पलीकडच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या. तेवढं झालं की पुढचं पुढं.

ऑपरेशन नीट झालं. नवीन किडनी पाठीत नाही बसवत, पुढं बसवतात, पोटाच्या खालच्या बाजूला, उजवीकडं. तिथं हात लावला की मला ती बोटांना जाणवायची. घरी आल्यावर आत्या रोज सकाळी विचारायच्या, "कशी हाय माझी?"

"आता माझी आहे ती."

"तुझी कशी? तुला वापरायला दिलीया."

असं आमचं चालायचं. पण खरं सांगायचं तर घरी आल्यावर पहिले सहा महिने मी त्यांच्यापुढं तोंड वर करून बोललेच नाही. जिनं पोट फाडून दिलं तिच्याशी आमटीच्या मिठावरून कसं भांडायचं? त्या काही बोलल्या की मी हो म्हणायचे. मग एके दिवशी त्यांनी नवा झंपर माझ्या पुढ्यात आपटला आणि म्हणाल्या, "ही काय बाही हाय? तुला डोळं हाईत का न्हाईत?" मी म्हणाले, "उसवून देते आत्या." त्या जास्तच भडकल्या. "उसवून देते म्हनं. भांड की जरा. किडनी दिली म्हंजी तुझं तोंड इकत घेतलं का मी?"

मग मी भांडले. चांगली अर्धा तास भांडले. बाही बरोबर होती, त्यांचाच दंड सुजला होता गोठ्यातल्या कामानं, हे मी त्यांना टेप लावून दाखवलं. त्या गोठ्यात गेल्या तेव्हा गुणगुणत होत्या. त्या दिवसापासून मला बरं वाटायला लागलं, असं मी म्हणते. डॉक्टर काहीही म्हणोत.

गोळ्या सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आत्यांना घड्याळ नीट वाचता येत नव्हतं, पण नऊचे काटे कसे दिसतात ते त्यांनी नातीकडून शिकून घेतलं होतं. नऊला त्या जिथं असतील तिथून ओरडायच्या, "घेतली का गं?" बागेतून, गोठ्यातून, देवळाच्या ओट्यावरून. शेजारपाजारचे सगळे हसायचे. घरात खोकणारा पाहुणा आला तर त्याला अंगणातच खुर्ची मिळायची. एकदा गणपतीत ह्यांच्या मावशींनी पपनस आणलं, प्रेमानं सोलून माझ्यापुढं ठेवलं. डॉक्टरांनी पपनस खायचं नाही म्हणून सांगितलेलं, त्यानं गोळीचं प्रमाण रक्तात वाढतं. आत्यांनी ताट उचललं आणि सगळ्यांदेखत गाईपुढं नेऊन ठेवलं. मावशी रुसून त्याच दिवशी गेल्या, पुढची दोन वर्षं आल्या नाहीत.

अशी नऊ वर्षं गेली. किडनी कशी चालते ते दाखवणारं क्रिएटिनिन एक-सव्वाच्या पुढं कधी गेलं नाही. मी पुन्हा मशीनवर बसले, मुलगी दहावीला आली.

आणि एका सकाळी आत्या गोठ्यातून आल्या, छातीत कसंतरी होतंय म्हणाल्या, आणि ओट्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. पासष्ट वर्षांच्या होत्या.

त्यानंतरच्या तीन दिवसांबद्दल मी फारसं कुणाशी बोललेली नाही.

त्यांना बाहेरच्या खोलीत ठेवलं. मी डोक्याशी बसले. बायका यायला लागल्या. नणंद नाशिकहून यायची होती, त्यामुळं दुपारपर्यंत थांबायचं ठरलं. आमच्याकडं मयत घरातून जाईपर्यंत चूल पेटत नाही आणि घरचं कुणी तोंडात पाणी घेत नाही. लहान लेकरांना शेजारी नेऊन काय ते खाऊ घालतात. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. नऊ वाजले ते मी पाहिले. गोळ्यांचा डबा आत फडताळात होता, उठून दहा पावलं.

तेवढ्यात मागं बसलेल्या दोघी आपसात बोलल्या. हळूच बोलल्या, पण मला ऐकू गेलं. "एकच हुती ना तिला. दुसरी सुनंला दिल्याली. मग काय व्हनार." दुसरी म्हणाली, "व्हय बाई. सुनंपाई गेली."

 तसं नव्हतं. आत्यांची दरवर्षी तपासणी व्हायची, त्यांची उरलेली किडनी चांगली ठणठणीत होती, हृदयाचा आणि तिचा काही संबंध नव्हता. पुढं डॉक्टरांनीही मला हेच समजावलं. पण त्या क्षणी, त्यांचं गार कपाळ हाताखाली असताना, मला ते पटलं. आणि पटल्यावर मी कशी उठणार? सगळ्यांच्या देखत, उपाशी-तहानलेल्या घरात, मी एकटी पाणी पिणार, तेही कशासाठी, तर जिच्यामुळं आत्या गेल्या म्हणतात ती वस्तू सांभाळायला. मी बसून राहिले. साडेनऊ झाले, दहा झाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी गोळी चुकवली.

संध्याकाळी शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली. मी दोन घास खाल्ले. गोळी नाही घेतली. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला सगळे गेले, तेव्हाही नाही. विसरले म्हटलं तर खोटं होईल. डबा दिसायचा, हात पुढं जायचा नाही. घरात पंचवीस माणसं होती, आणि मला विचारणारी एकच होती, तीच गेली होती. हे सतत मनात यायचं आणि मला त्यात एक विचित्र समाधान वाटायचं, की आता कुणी विचारणार नाही, तर मी कशाला घेऊ. ही माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही. ह्यांना वाटलं मी घेतेच आहे, नऊ वर्षं घेतेय. बिचारे आईच्या दुःखात होते.

चौथ्या दिवशी मुलीनं डबा आणून माझ्या हातात दिला आणि समोर बसून राहिली. मी गोळ्या घेतल्या, पण उशीर झाला होता. सहाव्या दिवशी पायावर सूज आली. बायका म्हणाल्या, रडून रडून अंग सुजलंय. मला माहीत होतं कशानं सुजलंय. लघवी कमी झाली होती, कणकण होती, आणि उजवीकडं, जिथं आत्यांची किडनी होती, तिथं दुखत होतं. मी ह्यांना हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी लगेच शेजाऱ्याची गाडी काढली आणि मला नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

क्रिएटिनिन साडेतीन. शरीरानं किडनीवर हल्ला चढवलाय, असं डॉक्टर म्हणाले. सुई घालून किडनीचा तुकडा तपासला. तीन दिवस शिरेतून औषध. डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा लहान, पण मला असं काही रागावले की माझी आई कोपऱ्यात उभी राहून रडायला लागली. मी नाही रडले. मी छताकडं बघत पडून राहिले आणि मनात एकच, की बाईनं पंधरा वर्षं धरली होती आणि तिला जाऊन तीन दिवस झाले नाहीत तोवर मी तिची किडनी मारायला निघाले. तिच्या अंगातलं या जगात तेवढंच जिवंत उरलं होतं. माणसं माझ्या पोटाकडं बघून तिची किडनी म्हणायची तेव्हा मला ते कधी एवढं खरं वाटलं नव्हतं.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी आकडा उतरायला लागला. तीनवर आला, मग अडीच, मग पावणेदोनवर येऊन थांबला. पुन्हा एकवर येणार नाही, तेवढं नुकसान झालं ते झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुजेपायी आधी पाणी मोजून मिळायचं, आकडा उतरू लागताच ते मापही सुटलं, प्या म्हणाले.

मी विचारलं, "आता किती टिकेल?"

"आधी विचारलं असतं तर अजून सहा-सात वर्षं आरामात, असं म्हणालो असतो," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आता पाच म्हणतो. दहाही काढेल कदाचित. तुमच्यावर आहे."

मधे दहाव्याचा दिवस येऊन ठेपला. प्रवरेच्या घाटावर विधी होता. मला सोडा म्हणून मी डॉक्टरांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं, पण एवढ्या गर्दीत ते मला सोडेनात. ह्यांनी डोकं भादरलं, फोनवरच मला सांगितलं, "तू येऊ नको. आई असती तर तिनंच दार लावून घेतलं असतं." ते खरं होतं. पण घरच्या सुनेनं दहाव्याला नसणं आमच्याकडं साधी गोष्ट नाही. लोक काय म्हणत असतील ते मला घाटापर्यंत न जाताच ऐकू येत होतं.

त्या दिवशी दुपारी आई खाली चहाला गेली होती. दारात कुणीतरी उभं राहिलं. मामा होते. पांढरी टोपी, घाटावरच्या मातीचे पाय, हातात कापडी पिशवी. एकटेच, एसटीनं आले होते. वीस वर्षांत मामा माझ्याशी थेट दहा वाक्यंही बोलले नसतील. आमच्याकडं सासरा सुनेशी बोलत नाही, काही सांगायचं असलं तर नातीला उद्देशून सांगतो. "तुझ्या आईला म्हनावं, भाकरी झाली का." मीही त्यांच्यापुढं नेहमी पदर घेऊन. आता तर गाऊनवर होते, सलाईन लावलेलं, डोक्यावर काही नाही. मी घाईघाईनं चादर वर ओढली.

ते स्टुलावर बसले. पिशवी पायाशी ठेवली. मग मीच म्हणाले, "मामा, मी तीन दिवस गोळ्या घेतल्या नाहीत."

"ठावं हाय."

"मला वाटलं, माझ्यामुळं..."

"त्येबी ठावं हाय. बाया काय बोलल्या त्ये मीबी ऐकलं." ते टोपी काढून हातात धरून बसले. "ती मला काय म्हनायची म्हाईत हाय का? म्हनायची, माझी तिच्यात जोरात चालतीया. लई खूश हुती. मला कधी भाजी चांगली झाली म्हनून सांगितलं न्हाई, पर ह्ये रोज सांगायची."

 एवढी वर्षं त्या माझ्यापुढं वापरायला दिलीया म्हणायच्या आणि आत जाऊन मामांना हे सांगायच्या.

मामांनी इकडंतिकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "कुठल्या अंगाला हाय ती?"

मी चादरीवरून हात ठेवला. "इथं. उजवीकडं. पुढच्या बाजूला."

त्यांनी तिथं बघितलं. हात लावला नाही, लावणारही नव्हते. पण इतका वेळ बघत राहिले की मी हात तसाच ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला वाटतं दहा दिवसांत ते पहिल्यांदाच भरले असावेत, कारण घरात मी त्यांना एकदाही रडताना पाहिलं नव्हतं.

मग ते उठले. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी त्यांनी स्टीलच्या ग्लासात ओतलं, काठोकाठ, आणि दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढं केलं.

"आज घाटावर समद्यांनी तिला पानी दिलं," ते म्हणाले. "लेकानं दिलं, लेकीनं दिलं, मी दिलं. तू तेवढी ऱ्हायलीस. घे, पी."

मी उठून बसले. चादरीचं टोक डोक्यावर घेतलं आणि ग्लास संपेपर्यंत पाणी प्यायले. मामांनी रिकामा ग्लास माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा भरला.